चमचाभर ‘सुपरफूड’मधून अंगी किती लागतं?

जवसाची पूड, चियाचं बी, स्पिरुलिना (पाण्यातल्या निळसर-हिरव्या शेवाळाची पूड), शेवग्याच्या पानांची भुकटी, हळदीच्या कॅप्सूल. यातलं काही ना काही आता बहुतेक घरांच्या फडताळात सापडतं. त्याच्या शेजारच्या डब्यात ‘बिनसाखरेचे’ खजुराचे लाडू असतात. त्यांना कुणी एनर्जी बॉल म्हणतं, कुणी प्रोटीन बॉल. रोज चमचाभर हे आणि एक-दोन ते खाल्ल्यावर शरीराला खरंच काय मिळतं, हा प्रश्न मात्र गोंधळात टाकतो, कारण डब्यावरचे आकडे खरे असूनही आपण त्यांतून चुकीचा अर्थ काढतो. त्यातून बाहेर पडायला एक वजनकाटा आणि साधा त्रैराशिकाचा हिशेब पुरतो.

‘सुपरफूड’ हे नाव कुणी ठेवलं?

आहारशास्त्राने तर नाही. जीवनसत्त्व म्हणजे काय, तंतू म्हणजे काय, याच्या व्याख्या आहेत, सुपरफूडची नाही. या शब्दाचा उगम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केळी खपवण्यासाठी झालेल्या जाहिरातबाजीशी जोडला जातो. ज्या फळाला आज कुणी सुपरफूड म्हणणार नाही, ते एकेकाळी या बिरुदाचं मानकरी होतं. युरोपीय संघाने २००७पासून नियमच केला, की अधिकृत मान्यता मिळालेला आरोग्यविषयक दावा सोबत नसेल, तर वेष्टनावर नुसतं ‘सुपरफूड’ छापता येणार नाही.

‘अँटिऑक्सिडंटचे (पेशींची झीज रोखणारे म्हणून ओळखले जाणारे घटक) इतके युनिट’ असं लिहिलेलं दिसतं त्याचीही अशीच गत आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांची मोठी यादी प्रसिद्ध केली होती आणि २०१२मध्ये ती स्वतःच काढून टाकली. परीक्षानळीत मोजलेल्या त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्यावरच्या परिणामाशी मेळ बसत नव्हता आणि विक्रेते ते सर्रास जाहिरातीत वापरत होते.

शंभर ग्रॅमचा चकवा

पोषणाचे तक्ते शंभर ग्रॅमचे असतात. केळं किंवा सफरचंद आपण शंभर ग्रॅम खातो, म्हणून तिथे बिघडत नाही. वाळवलेल्या पुडीचं तसं नाही. दूध आटवलं की वाटीभर दुधाची गोडी दोन चमच्यांत उतरते. पान वाळवलं की तसंच होतं. पाणी उडून जातं आणि उरलेल्या पुडीतले आकडे आपोआप फुगतात. मग ती वाळकी पूड आणि पातळ दूध शेजारी ठेवून ‘दुधापेक्षा कित्येक पट कॅल्शियम’ असं म्हणता येतं. ते खोटं नसतं, पण चमच्यात येते २-३ ग्रॅम पूड. शेवग्याच्या पानांच्या तेवढ्या पुडीत साधारण ४० ते ६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तर कपभर दुधात २५०हून जास्त.

स्पिरुलिनाचंही उदाहरण घ्या. शंभर ग्रॅममध्ये ५७ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे खरोखर दांडगा आकडा. पण छोटा चमचा ३ ग्रॅमचा धरला, तर पदरात पडतात १.७ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात. अंड्याची बरोबरी करायची तर साडेतीन चमचे लागतील, आणि तेवढी स्पिरुलिना घातलेला पदार्थ दुसऱ्यांदा कुणी मागून घेत नाही. तिच्यातल्या बी-१२ची जाहिरात होते, त्यातला बहुतांश भाग तर बी-१२चा नुसता तोतया आहे: रचना सारखी, पण माणसाच्या शरीरात काम शून्य. शाकाहारी माणसाने त्याच्या भरवशावर राहणं धोक्याचं.

म्हणजे चमचाभर काहीच उपयोगाचं नसतं का?

असतं. चमच्यातून काय भागतं आणि काय भागत नाही, हे त्या घटकाची गरज किती यावर ठरतं. प्रौढ माणसाला दिवसाला प्रथिनं ५० ग्रॅमच्या आसपास, तंतू २५-३० ग्रॅम, कॅल्शियम साधारण १००० मिलिग्रॅम म्हणजे १ ग्रॅम लागतं. इतक्या गरजेपुढे ३ ग्रॅमचा चमचा कुठे पुरणार? याउलट बी-१२ लागतं २.४ मायक्रोग्रॅम, सेलेनियम हा क्षार ५५ मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इथे चिमूटभरही पुरेसं असू शकतं.

मधल्या पट्टीतलं उत्तम उदाहरण जवस. जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. हा वनस्पतींतला ओमेगा-३, म्हणजे शरीराला लागणारा तेलातला एक घटक, आणि शरीर तो स्वतः तयार करू शकत नाही. दिवसाची गरज स्त्रियांना १.१ ग्रॅम, पुरुषांना १.६ ग्रॅम धरतात. दळलेल्या जवसाच्या एका मोठ्या चमच्यात (७ ग्रॅम) साधारण १.६ ग्रॅम मिळतो. एका चमच्यात दिवसाचा कोटा पूर्ण! जाहिरातीत न शोभणारं हे स्वस्तातलं बी चमच्याच्या हिशेबात स्पिरुलिनाला केव्हाच मागे टाकतं. फक्त माशांतल्या ओमेगा-३ची ती पूर्ण बदली नव्हे; शरीर जवसातल्या ओमेगा-३चं त्या रूपात रूपांतर करतं, पण अगदी थोडं.

एक लाडू तोलून बघू

आता घरचा खाऊ. प्रमाण असं: बी काढलेला मऊ खजूर २०० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, अक्रोड ५० ग्रॅम, जवस ३० ग्रॅम, बिनगोडीची कोको पावडर २० ग्रॅम, चिमूटभर मीठ. एकूण ४०० ग्रॅम, म्हणजे २० ग्रॅमचे २० लाडू.

बदाम आणि अक्रोड ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसला १०-१२ मिनिटं भाजा, किंवा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर रंग जरासा बदलेपर्यंत परता. जवस वेगळं भाजा. तडतडणं थांबायच्या आत उतरवा, नाहीतर कडू होतं. मग सगळं पूर्ण गार होऊ द्या, निदान अर्धा तास. ही पायरी बहुतेकजण घाईत गाळतात आणि पुढचा सगळा घोटाळा इथेच सुरू होतो, कारण कोमट सुकामेवा मिक्सरच्या पात्यात लगेच तेल सोडतो.

जवस बारीक दळून बाजूला काढा. मिक्सरच्या त्याच भांड्यात बदाम-अक्रोड कोकोबरोबर घाला आणि एकेक सेकंद फिरवत, थांबत, आठ-दहा वेळा करा. भरड हवी, पीठ नको. कोको सोबत असला की सुटणारं थोडंफार तेल तो शोषून घेतो. खजूर वेगळा फिरवून त्याचा गोळा करा, मग परातीत सगळं हाताने मळा. मूठ दाबल्यावर मिश्रण टिकलं पाहिजे आणि तळव्यावर तेलाची चकाकी दिसता कामा नये. एकेक लाडू काट्यावर ठेवून २० ग्रॅमचा वळा. डोळ्यांच्या अंदाजाने वळलेला लाडू हमखास ३०चा होतो, आणि मग खालचे सगळे आकडे दीडपट होतात.

एका लाडवात साधारण ८३ कॅलरी, ७ ग्रॅम साखर, २ ग्रॅम प्रथिनं, २ ग्रॅमहून किंचित जास्त तंतू, ५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, अर्धा ग्रॅमहून थोडा जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल आणि जवळपास ०.६ मिलिग्रॅम लोह असतं.

दोन लाडवांत स्त्रीची दिवसाची ओमेगा-३ची गरज भागली. तंतूही साडेचार ग्रॅम, म्हणजे वाईट नाही. प्रथिनं ४ ग्रॅम, एका अंड्याहून कमी. तेव्हा ‘प्रोटीन बॉल’ हे नाव जरा जास्तच झालं. आणि लोह? दोन लाडवांत १.२ मिलिग्रॅम, तर पाळी येणाऱ्या वयातल्या स्त्रियांना अमेरिकी शिफारशीनुसार रोज १८ मिलिग्रॅम हवं. रक्त वाढावं म्हणून हा लाडू खात असाल, तर तो ते काम करणार नाही. तोच पदार्थ एका बाबतीत चांगला आणि दुसऱ्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी निघतो, म्हणून ‘पौष्टिक आहे का?’ या प्रश्नाला मोघम उत्तर देता येत नाही. कोणत्या घटकासाठी खाता, ते आधी विचारावं लागतं.

बिघडतं कुठे?

लाडू वळताच येत नाही, भुगा होतो: खजूर कोरडा होता. दोन-तीन खजूर आणखी फिरवून घाला, किंवा एक छोटा चमचा पाणी शिंपडा. पाण्याची घाई नको. आणखी घालता येतं, काढता येत नाही. फार चिकटत असेल तर पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. चिकटपणा मोडायला कोरडं कच्चं पीठ कधीही घालू नका. पीठ हा कच्चा पदार्थ आहे, त्यात साल्मोनेला किंवा ई. कोलाय हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात आणि हा लाडू पुढे शिजणार नसतो. घालायचंच तर ओट्स भाजून, दळून घाला.

तेलकट, चमकदार गोळा झाला तर मिक्सर जास्त चालला. तो पुन्हा कोरडा होत नाही. थोडी जवसाची पूड घालून निभावून न्यायचं.

प्रोटीन पावडर घालायचा मोह होतो. ३० ग्रॅम घातली की दोन-तीन मोठे चमचे दूध किंवा पाणी जास्त लागतं, आणि तरीही तिसऱ्या दिवशी लाडू दगड होतो, कारण पावडर खजुरातला ओलावा हळूहळू ओढत राहते. असे लाडू थोडेच करून दोन दिवसांत संपवावेत.

टिकण्याचा प्रश्न मोकळ्या पाण्याचा आहे. मोकळं पाणी म्हणजे जंतूंना आणि बुरशीला वापरता येईल असं पाणी. खजुरात ओलावा असतो, पण साखरेने तो धरून ठेवलेला असतो, म्हणून बुरशीच्या हाती फारसं लागत नाही. खजूर गरम पाण्यात भिजवून घेतला, कुस्करलेलं केळं घातलं, दूध घातलं, की हा बंदोबस्त मोडतो. वर दिलेले लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये दोन आठवडे राहतात. भिजवलेल्या खजुराचे चार दिवसांत संपवा. बुरशी आली नाही तरी अक्रोड आणि जवस खवट होतात. जुन्या तेलासारखा किंवा ओल्या रंगासारखा वास आला, की सगळा डबा टाकून द्यायचा.

‘पण यात साखर घातलेलीच नाही!’

घातली नाही, पण आहे. सुक्या खजुराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग साखरच असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये ‘मुक्त साखर’ दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं, जमल्यास ५ टक्क्यांच्या. २००० कॅलरींच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. मुक्त साखर म्हणजे वरून घातलेली साखर, शिवाय मध, सिरप आणि फळांच्या रसातली. अख्ख्या फळातली यात धरत नाहीत. खजूर चावून खाल्ला तर तो या हिशेबाबाहेर. पण ब्रिटनच्या व्याख्येत फळाची पेस्ट केली की त्यातली साखर मुक्त मानतात. कारण पेशींच्या भिंती फोडायचं काम दातांऐवजी पात्याने उरकलेलं असतं. त्या हिशेबाने आपले तीन लाडू म्हणजे २० ग्रॅम मुक्त साखर.

तरीही क्रीमच्या बिस्किटाऐवजी हा लाडू खाल्ला तर फायदाच आहे. सुक्या मेव्यातले तंतू आणि तेल साखर रक्तात सावकाश उतरवतात. जेवणानंतर, बिस्किटानंतर, ‘पौष्टिक आहे’ म्हणून आणखी तीन खाल्ले, तर रोजच्या २५० कॅलरी वाढल्या, एवढंच. मधुमेह असणाऱ्यांनी हा खाऊ औषध न मानता मोजून खावा. शिवाय चिकट खजूर दातांच्या फटीत बसतो; नंतर चूळ भरायला हवी.

साखरेऐवजी मध, गूळ, नारळाची साखर? चवीसाठी जरूर. क्षार थोडे असतात, पण ते उपयोगी पडतील इतकं गोड कुणी खाऊ नये. एक मोठा चमचा मधात १७ ग्रॅम साखर असते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका. बोटुलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका असतो, आणि तो मध ‘शुद्ध’ असल्याने टळत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणेही नकोत, घशात अडकतात.

पोटात गेलं म्हणजे अंगात गेलं का?

अख्खं जवस बऱ्याचदा जसंच्या तसं बाहेर पडतं. त्याचं कवच आतडं फोडत नाही, म्हणून दळायचं. पण दळलं की तेल हवेच्या तावडीत सापडतं. आठवडाभराचंच दळून फ्रिजमध्ये ठेवावं.

चियाचं कवच नाजूक असतं, दळावं लागत नाही. त्याचं दुखणं वेगळं: ते वजनाच्या दहापट पाणी धरतं. २०१४मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका ३९ वर्षांच्या माणसाची हकिगत मांडली. त्याने मोठा चमचाभर कोरडं चिया तोंडात टाकून वर ग्लासभर पाणी प्यायलं. दाणे अन्ननलिकेत फुगून गोळा अडकला आणि दुर्बिणीने काढावा लागला. चमचाभर चियाला निदान अर्धा कप पाणी आणि वीस मिनिटं द्या, मगच खा. गिळायचा त्रास असलेल्यांनी तर भिजवल्याशिवाय नकोच.

लोहाचं शोषण सोबतीवर अवलंबून असतं. लिंबू, संत्रं, पेरू यांतलं क जीवनसत्त्व वनस्पतींतलं लोह शोषायला मदत करतं, चहा-कॉफी अडवतात. लोहासाठी म्हणून केलेला खाऊ चहाबरोबर खाणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणं.

आणि हळद. ‘मिरी घातली की हळद २००० टक्के जास्त शोषली जाते’ हे वाक्य सगळीकडे फिरतं. त्याचं मूळ १९९८च्या एका छोट्या अभ्यासात आहे. त्यात २ ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा क्रियाशील घटक, २० मिलिग्रॅम पिपेरिनबरोबर दिलं होतं. पिपेरिन हा मिरीचा तिखट घटक. हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के असतं. दोन ग्रॅम कर्क्युमिनसाठी सुमारे ६५ ग्रॅम हळद लागेल, वीसेक चमचे. शिवाय पिपेरिनशिवाय रक्तात कर्क्युमिन जवळजवळ सापडतच नव्हतं. नगण्य आकड्याची वीसपट ही काही मोठी रक्कम नव्हे. हळद चवीला, रंगाला घाला; त्या वाक्यावर औषधाचा मजला चढवू नका.

‘नैसर्गिक आहे, मग अपाय कसला?’

चमच्याचा जो हिशेब फायद्याला लागतो, तोच अपायालाही लागतो. मायक्रोग्रॅममध्ये लागणाऱ्या गोष्टी झटकन पुरतात आणि झटकन उतूही जातात. एका ब्राझील नटमध्ये ५० ते ९० मायक्रोग्रॅम सेलेनियम असू शकतं. मातीनुसार ते बरंच कमीजास्त होतं. एक दाणा म्हणजे दिवसाची गरज. अमेरिकी शिफारशीत वरची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम आहे. रोज मूठभर ब्राझील नट खाणारा ती सहज ओलांडतो. केस गळतात, नखं ठिसूळ होतात, श्वासाला लसणीसारखा वास येतो.

दालचिनीचं प्रकरण तर घरोघरचं. सर्वसाधारणपणे मिळणाऱ्या जाड सालीच्या, कॅसिया जातीच्या दालचिनीत कुमरिन नावाचं सुवासिक द्रव्य असतं आणि ते काहींच्या यकृताला त्रास देतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलोला ०.१ मिलिग्रॅम धरली आहे. वजन ६० किलो असेल तर ६ मिलिग्रॅम. कॅसियाच्या पुडीत ग्रॅमला साधारण ३ मिलिग्रॅम कुमरिन सापडतं. म्हणजे रोज २ ग्रॅम, चहाचा चमचा पूर्ण न भरताच, मर्यादा गाठली. कधीमधी खाऊत घातली तर चिंता नाही. ‘साखर आटोक्यात राहावी’ म्हणून रोज चमचाभर घेणाऱ्यांनी पातळ, कागदासारख्या अनेक पदरांची सिलोन दालचिनी घ्यावी. तिच्यात कुमरिन नाममात्र असतं.

कॅप्सूलमध्ये हाच प्रकार तीव्र होतो, कारण तिथे पदार्थ उरत नाही, अर्क उरतो. कपभर ग्रीन टी वेगळा आणि त्याच्या अर्काच्या गोळ्या वेगळ्या. गोळ्यांतून त्यातला मुख्य घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेला, तर यकृतावर परिणामाच्या खुणा दिसतात, असं युरोपच्या त्याच संस्थेने २०१८मध्ये सांगितलं. हळदीच्या, विशेषतः पिपेरिन मिसळलेल्या कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पिपेरिन काही औषधांचाही शरीरातून होणारा निचरा मंदावतं.

सगळ्यात बोलका दाखला १९९४चा, फिनलंडमधला. भाज्या-फळांतून बीटा-कॅरोटीन (गाजराला नारंगी रंग देणारा घटक) भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसत होता, म्हणून २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर त्याची गोळी तपासली गेली. रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजराचं पुण्य गोळीत उतरलं नाही.

वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर हिरव्या पानांच्या भुकट्या आपल्या मनाने सुरू किंवा बंद करू नयेत. त्यांतलं के जीवनसत्त्व औषधाच्या उलट काम करतं. मूतखड्याची सवय असलेल्यांनी रोज कच्च्या पालकाची स्मूदी टाळावी, त्यात खडे बनवायला हातभार लावणारं ऑक्झलेट भरपूर असतं.

मग गोळी कुणाला लागते?

यादी छोटी आहे. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल. प्राणिज पदार्थ अजिबात न खाणाऱ्यांना बी-१२. अंगावर पिणाऱ्या बाळांना डॉक्टर सांगतील तसं ड जीवनसत्त्व. आणि तपासणीत कमतरता निघाली असेल त्यांना त्या घटकाची, ठरावीक काळासाठी.

विकत घेताना पुढची बाजू सोडून डबा उलटा करा. एका मात्रेत प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. दहा घटकांची नावं आणि सगळ्यांचं मिळून एकच वजन दिलं असेल, तर महागडा घटक चिमूटभर घालूनही नाव छापता येतं. ‘एक मात्रा’ म्हणजे किती गोळ्या, तेही बघा. कधी एक असते, कधी चार. आणि लोहाच्या गोळ्या, चॉकलेटसारख्या दिसणाऱ्या असोत किंवा गमी, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा कुलूपबंद जागी ठेवा. लहान मुलाने मूठभर गिळल्या तर वेळ न दवडता रुग्णालय गाठायचं आणि बाटली सोबत न्यायची, म्हणजे किती मिलिग्रॅम पोटात गेलं याचा हिशेब डॉक्टरांना लगेच करता येतो.